प्लांट बसवला, पण पाणी फिरतंय का?

आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट आहे हे मला कागदोपत्री माहीत होतं, लॉबीत ग्रीन बिल्डिंगची पाटी पण आहे, पण तो प्लांट मी कधी बघितला नव्हता. मग एकदा फ्लशच्या पाण्याला वास यायला लागला. एक दिवस, दोन दिवस, आठवडा झाला तरी वास जाईना, तेव्हा मी खाली गेले. ऑपरेटर एकटाच होता. काय झालंय विचारलं तर त्याने काही न बोलता एक लिटरचा उभा काचेचा जार घेतला, ज्या टाकीत हवा सोडतात तिथलं पाणी त्यात भरलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, अर्धा तास थांबा." प्लांट नीट चालत असेल तर अर्ध्या तासात चॉकलेटी गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाणी उरतं. त्या दिवशी अर्ध्या तासानंतर पण जारमध्ये वरपासून खालपर्यंत गढूळच होतं आणि रंग चॉकलेटी नव्हता, काळपट होता. मग त्याने सांगितलं की विजेचं बिल कमी करायचं म्हणून टाकीत हवा सोडणारा ब्लोअर रात्रभर बंद ठेवायला सांगितलंय. "हे जिवंत आहे मॅडम, याला रात्री पण श्वास लागतो."

त्यानंतर या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले आणि माझं मत पक्कं झालं, ते सरळच मांडते. वापरलेलं पाणी शुद्ध करून परत वापरणं मोठ्या बिल्डिंगना सक्तीचं हवंच, पण सक्ती प्लांट बसवण्यापुरती असून काही उपयोग नाही, ती पाणी फिरवण्याची हवी. दरवर्षी किती लिटर पाणी खरोखर परत वापरलं गेलं ते मीटरवर दिसलं पाहिजे, आणि दिसत नसेल तर त्या बिल्डिंगचं ग्रीन सर्टिफिकेट काढून घेतलं पाहिजे.

आधी हिशोब बघू, कारण बऱ्याच जणांना वाटतं की यातून वाचून वाचणार किती. भारताच्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये माणशी रोजचं १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं ४५ लिटर फ्लशचं असतं, म्हणजे तिसरा हिस्सा. अमेरिकेत घरोघरी मोजणी झाली तिथंही घरातल्या वापराचा साधारण चौथा हिस्सा टॉयलेटमध्येच जातो असं दिसलं. जुन्या टाकीला एका फ्लशला १३ लिटर लागायचे, आता ६ लागतात, ड्युअल फ्लशचं छोटं बटण दाबलं तर ३. तरी दिवसाला पाच वेळा धरा, माणशी ३० लिटर झालेच. आता शॉवर घ्या. मिनिटाला ८ लिटर, आठ मिनिटं आंघोळ, ६४ लिटर पाणी थोडासा साबण आणि शॅम्पू घेऊन खाली गेलं. म्हणजे एका माणसाच्या एका आंघोळीत दोन माणसांचा दिवसभराचा फ्लश निघतो. आणि हे पाणी काही फार घाण नसतं, आंघोळ, बेसिन आणि वॉशिंग मशिनचं पाणी म्हणजे ग्रे वॉटर, त्यात मैला नसतो. किचन सिंकचं पाणी बहुतेक ठिकाणी यात घेत नाहीत कारण त्यात तेल आणि अन्नाचे कण असतात आणि तेच सगळ्यात लवकर सडतं.

ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये तर हा हिशोब अजूनच बोलका आहे. तिथं कोणी आंघोळ करत नाही, कपडे धूत नाही, पिण्याचं पाणी जेमतेम लागतं, जे जातं ते फ्लशमध्ये आणि एसीच्या कूलिंग टॉवरमध्ये. एक टन कूलिंगमागे टॉवरमधून तासाला सहा-साडेसहा लिटर पाण्याची वाफ होऊन उडून जाते. ५०० टनाचा प्लांट पूर्ण लोडवर असेल तर तासाला तीन हजार लिटरच्या वर! आणि हे सगळं पाणी पिण्याच्या दर्जाचं, धरणातून उचलून, गाळून, क्लोरिन टाकून, मैलोन्‌मैल पंप करून आणलेलं. ज्या पाण्यावर एवढी मेहनत झालीय ते वाफ करून उडवायचं किंवा त्याने मैला ढकलायचा हे मला खरंच पटत नाही.

आता खरी गोम पाईपांमध्ये आहे. पिण्याची लाईन वेगळी आणि फ्लशची वेगळी असेल तर पुढचं सगळं शक्य आहे, नसेल तर काहीच शक्य नाही. बांधताना दोन लाईन टाकणं हे एकूण बांधकामाच्या मानाने किरकोळ काम आहे, पण माणसं राहायला आल्यावर प्रत्येक बाथरूमची टाइल्स फोडून दुसरी लाईन टाकणं, ते कोणी करत नाही आणि करणारही नाही. म्हणून ज्या बिल्डिंगमध्ये आज प्लांट परवडत नाही तिथंही दोन लाईन आजच टाकून ठेवायला पाहिजेत, यात सवलत द्यायचं काहीच कारण नाही. आणि हे काही प्रयोगातलं स्वप्न नाहीये. हाँगकाँगमध्ये १९५० च्या दशकापासून समुद्राच्या पाण्याने फ्लश करतात, तिथल्या बहुतेक लोकांच्या घरात दोन वेगळ्या लाईन आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक त्याबरोबर राहतायत. जपानच्या फुकुओका शहरात १९७८ मध्ये दुष्काळ पडला, २८७ दिवस पाणीकपात चालली, आणि त्यानंतर दोनच वर्षांत त्यांनी शुद्ध केलेलं सांडपाणी टॉयलेटसाठी द्यायला सुरुवात केली. टोकियोच्या शिंजुकूमधल्या उंच इमारतींना १९८४ पासून असं पाणी मिळतंय. कॅलिफोर्नियात अर्व्हाइनच्या ऑफिस टॉवरमध्ये १९९१ मध्ये फ्लशसाठी रिसायकल पाण्याला परवानगी मिळाली, तो जांभळा पाईप जो आता बऱ्याच देशांत या पाण्याची खूण झालाय तो तिथल्याच पाणीपुरवठा संस्थेने आणला.

पण दोन लाईन म्हणजे दोन लाईन एकमेकांना जोडल्या जायची भीती पण आलीच, आणि ही भीती खोटी नाही. नेदरलँड्समध्ये उट्रेख्टजवळ लाइड्श राइन नावाच्या नव्या वस्तीत घरांना दोन प्रकारचं पाणी दिलं होतं, एक पिण्याचं आणि एक फ्लश, कपडे, बाग यासाठीचं. हे दुसरं पाणी सांडपाणी पण नव्हतं, अर्धवट शुद्ध केलेलं नदीचं पाणी होतं. २००१ च्या डिसेंबरमध्ये कुठंतरी दोन लाईन जोडल्या गेल्या, ते पाणी शेकडो घरांच्या पिण्याच्या नळाला गेलं आणि लोक पोटाच्या आजाराने पडले. २००३ मध्ये सरकारने अशा मोठ्या योजनाच बंद करून टाकल्या. या विषयाच्या बाजूने बोलणारे लोक हा किस्सा सहसा सांगत नाहीत, मला वाटतं तो सगळ्यात आधी सांगायला पाहिजे. कारण त्यातून जे शिकायचं ते अगदी साधं आहे, कोणीतरी रिपेअरचं काम करताना जोडणी केली किंवा तशीच ठेवली आणि नंतर कोणी तपासलं नाही. तपासायची पद्धत कुठल्याही प्लंबरला जमेल अशी आहे. पिण्याची लाईन पूर्ण बंद करायची, घरातले सगळे पिण्याचे नळ उघडायचे, कुठल्याही नळाला धार चालू राहिली तर समजायचं की दुसऱ्या लाईनचं पाणी येतंय. मग उलट करायचं. किंवा फ्लशच्या टाकीत रंग टाकायचा आणि बेसिनच्या नळाला रंग येतोय का बघायचं. शिवाय पिण्याच्या लाईनचं प्रेशर कायम जास्त ठेवायचं आणि फ्लशच्या टाकीत पिण्याचं पाणी वरून मोकळ्या हवेतून पडेल असं सोडायचं, पाईप टाकीतल्या पाण्यात बुडवायचा नाही, म्हणजे उलटं शोषलं जायचा प्रश्नच येत नाही. हे सगळं दरवर्षी एकदा आणि प्लंबिंगच्या प्रत्येक मोठ्या कामानंतर एकदा झालं पाहिजे. डच सरकारने योजना बंद केली ते त्यांच्या परिस्थितीत समजू शकतं, पण ज्या शहरांना पाणी पुरत नाही त्यांनी तपासणी सक्तीची करावी, योजना बंद करू नये.

आणि आता तो प्लांट, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. प्लांट हे मशीन आहे असं आपण धरून चालतो, पंप, ब्लोअर, फिल्टर, पॅनेल, बटण दाबलं की चालू. पण खरं काम त्या चॉकलेटी गाळातले जिवाणू करतात, पाण्यातली घाण हे त्यांचं खाणं आणि ब्लोअरची हवा हा त्यांचा श्वास. ब्लोअर बंद झाला की टाकीतला ऑक्सिजन लगेच संपायला लागतो, काही तासांत गाळ सडायला लागतो, काळा पडतो आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. एका रात्रीत बिघडलेला गाळ परत नीट बसायला कधी कधी दोन-तीन आठवडे लागतात. नव्या बिल्डिंगची तर उलटीच अडचण, प्लांट हजार माणसांसाठी बांधलेला आणि राहायला आलेत शंभर, मग जिवाणूंना खायलाच नाही, टाकीवर पांढरा फेस आणि पाणी कधी शुद्ध तर कधी नाही. डिझाइन करतानाच दोन छोट्या टाक्या केल्या आणि एकच आधी चालू केली तर हे सुटतं, पण त्यासाठी डिझाइन करणाऱ्याला पहिल्या वर्षाचा विचार करावा लागतो.

ऑपरेटर हा यातला सगळ्यात दुर्लक्षित माणूस. ज्याच्या हातात शेकडो लोकांचं आरोग्य आहे त्याला ट्रेनिंग किती दिलं, पगार किती, त्याची रजा असेल तेव्हा कोण बघतं, हे कोणी विचारत नाही. माझ्याशी बोलणारा ऑपरेटर फक्त वासावरून सांगू शकत होता की काय बिघडलंय, चांगल्या टाकीला ओल्या मातीसारखा वास येतो म्हणाला. एवढी जाण असलेल्या माणसाला ब्लोअर कधी चालवायचा हे ठरवायचा अधिकार नाही आणि वीजबिल बघणाऱ्याला आहे, ही माझी मोठी तक्रार आहे.

हे बिघडलेलं लवकर लक्षात का येत नाही? कारण फ्लशच्या टाकीत फ्लोट व्हॉल्व्ह असतो. शुद्ध केलेलं पाणी कमी पडलं की पिण्याच्या लाईनचं पाणी आपोआप टाकीत येतं, ही सोय आणीबाणीसाठी असते आणि ती असायलाच हवी. पण प्लांट पूर्ण बंद पडला तरी वरच्या मजल्यावर फ्लश चालूच राहतो, पाणी स्वच्छ येतं, वास जातो, कोणाची तक्रार नाही. रहिवाशांना वाटतं प्लांट सुधारला आणि प्रत्यक्षात तो मेलेला असतो, पिण्याचं पाणी थेट टॉयलेटला जातंय आणि सांडपाणी सगळं गटारात. लॉबीतली पाटी जागेवरच. म्हणून माझा आग्रह आहे की टाकीत येणाऱ्या दोन्ही लाईनला वेगळे मीटर हवेत, एक शुद्ध केलेल्या पाण्याला आणि एक त्या भरपाईच्या पिण्याच्या पाण्याला, कारण फक्त पहिल्याच मीटरने अर्धीच गोष्ट कळते.

सर्टिफिकेट देणाऱ्यांबद्दल पण बोललं पाहिजे. नव्या बांधकामाला मिळणारं लीडसारखं (LEED) ग्रीन बिल्डिंगचं रेटिंग मुख्यतः डिझाइन आणि बांधकामाच्या कागदांवर मिळतं. चालू बिल्डिंगसाठी वेगळं रेटिंग आहे पण ते घ्यायचं की नाही हे मालकाच्या मर्जीवर. याउलट लिव्हिंग बिल्डिंग चॅलेंज नावाची जी पद्धत २००६ मध्ये अमेरिकेत सुरू झाली तिच्यात बिल्डिंग किमान सलग १२ महिने प्रत्यक्ष चालवून आकडे दाखवल्याशिवाय सर्टिफिकेटच मिळत नाही. मला हीच पद्धत बरोबर वाटते, फक्त एकदा नाही, दर काही वर्षांनी परत. न्यूयॉर्कमध्ये बॅटरी पार्क सिटीत २००३ मध्ये सोलेअर नावाची २७ मजली राहती इमारत झाली, तिच्या बेसमेंटमध्ये मेम्ब्रेनचा, म्हणजे अतिशय बारीक छिद्रांच्या पडद्यातून पाणी गाळणारा प्लांट आहे, त्यातलं पाणी फ्लशला, कूलिंग टॉवरला आणि शेजारच्या पार्कला जातं. त्या शहराने नंतर असं पाणी परत वापरणाऱ्या इमारतींना पाणी आणि सांडपाण्याच्या बिलात २५ टक्के सवलत ठेवली. म्हणजे बिल्डरला एकदाच मिळणाऱ्या फायद्याऐवजी जो प्लांट चालवतो त्याला दर बिलात फायदा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण प्लांट बसवणारा विकून निघून जातो आणि चालवायची वेळ राहणाऱ्यांवर येते.

सॅन फ्रान्सिस्को आणखी पुढे गेलं. तिथं २०१५ पासून अडीच लाख चौरस फुटांवरच्या नव्या इमारतींना असं पाणी वापरणं सक्तीचं झालं आणि २०२१ मध्ये ती मर्यादा एक लाख चौरस फुटांवर आणली. पण मला आवडलेली गोष्ट ही की प्लांट चालवायला तिथल्या आरोग्य खात्याचं परमिट लागतं आणि निकष जंतू किती पट कमी झाले यावर आहेत. ग्रे वॉटर घरात फ्लशला वापरायचं तर व्हायरस सहा लॉग कमी झाले पाहिजेत, म्हणजे दहा लाखांतला एक उरला तर चालेल. हे महिन्याला एक बाटली लॅबला पाठवून कळत नाही, बाटलीचा रिपोर्ट येतो तोपर्यंत ते पाणी कधीच फ्लश झालेलं असतं. म्हणून गढूळपणा, जंतू मारणाऱ्या यूव्ही किरणांची तीव्रता आणि क्लोरिन यांचे सेन्सर सतत चालू ठेवायचे आणि आकडा घसरला की पाणी आपोआप गटाराकडे वळवायचं. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेच्या मार्गदर्शक आकड्यांप्रमाणे असं शहरी वापराचं पाणी म्हणजे बीओडी, म्हणजे उरलेली घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत, गढूळपणा २ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत आणि १०० मिलिलिटरमध्ये मैल्याचा एकही जिवाणू सापडता कामा नये. पाणी एवढं झालं तर ते ग्लासमध्ये पिण्याच्या पाण्याशेजारी ठेवलं तरी बघून फरक कळणार नाही.

कधी कधी मात्र कळतो. कितीही जंतू मेले तरी सांडपाण्यातून आलेल्या पाण्याला किंचित पिवळट झाक राहते, टॉयलेटच्या पांढऱ्या भांड्यात तर लगेच दिसते, आणि लोकांना वाटतं कोणी फ्लशच केलं नाही. मग दोनदा फ्लश करतात, म्हणजे वाचलेलं पाणी परत गेलं. कार्बन फिल्टर वेळेवर बदलला किंवा ओझोन दिला तर ही झाक जाते. लोकांच्या किळसेला अडाणीपणा म्हणायची जी सवय तज्ज्ञांना आहे ती मला अजिबात मान्य नाही. वास येतोय म्हणणारा माणूस बहुतेक वेळा बरोबर असतो, माझ्याच बाबतीत कुठल्याही रिपोर्टच्या आधी नाकाला कळलं होतं. लोकांना जनजागृतीची पोस्टर नकोयत, त्यांना चांगलं पाणी हवंय.

विरोधातला एक मुद्दा मला खरंच वजनदार वाटतो, तो विजेचा. छोटा प्लांट मोठ्या प्लांटइतकी वीज कधीच वाचवू शकत नाही, प्रत्येक बिल्डिंगमध्ये वेगळा ब्लोअर, वेगळा पंप, वेगळा माणूस, आणि कुठंच लक्ष नीट नाही. समुद्राचं पाणी गोडं करायला घनमीटरला ३ ते ४ युनिट लागतात, चांगल्या चाललेल्या मेम्ब्रेन प्लांटला त्याच्यापेक्षा बरीच कमी, पण वाईट चाललेला छोटा प्लांट त्या आकड्यापर्यंत जाऊ शकतो. म्हणून चाळीस-पन्नास घरांच्या बिल्डिंगवर पूर्ण मैलापाण्याचा प्लांट लादू नये असं माझं मत आहे. तिथं फक्त ग्रे वॉटरची साधी सोय पुरे, किंवा आजूबाजूच्या पाच-सहा बिल्डिंगनी मिळून एक प्लांट आणि एक चांगला ऑपरेटर ठेवावा, किंवा शहराने शिंजुकूसारखं मोठ्या केंद्रातून दुसऱ्या लाईनने पाणी द्यावं. तिन्ही बाबतीत बिल्डिंगच्या आत दोन लाईन लागतातच.

मिठाचा मुद्दा पण आहे, पटकन सांगते. जिवाणू घाण खातात, क्षार खात नाहीत, त्यामुळे पाणी जितक्या वेळा फिरेल तितके क्षार वाढत जातात, डिटर्जंटमधलं सोडियम बागेच्या मातीत साठतं आणि माती घट्ट होते. कूलिंग टॉवरमध्ये अमोनिया उरला तर तांब्याच्या नळ्या खाल्ल्या जातात. म्हणून बागेला अधूनमधून पावसाचं किंवा साधं पाणी भरपूर द्यायचं आणि टॉवरचं पाणी वेळेवर बदलायचं. टॉवरला लेजिओनेला या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूचा धोका तर पिण्याचं पाणी वापरलं तरी असतो, तिथं औषध आणि तपासणी चुकवून चालतच नाही.

आमच्या बिल्डिंगचं सांगायचं राहिलं. जार बघितल्यावर मी कमिटीकडे प्लांटचं रजिस्टर मागितलं. शुद्ध पाण्याच्या मीटरचा आकडा चार महिने जेमतेम हलला होता, आणि त्याच चार महिन्यांत पिण्याच्या पाण्याचं बिल वाढलेलं होतं, ब्लोअर बंद ठेवून विजेचे जे वाचले त्यापेक्षा जास्त. हे दोन कागद शेजारी ठेवल्यावर वाद फार झाला नाही. ब्लोअर पूर्ण बंद करण्याऐवजी ऑक्सिजन सेन्सर लावून रात्री त्याचा वेग कमी केला, जुना गाळ काढून दुसऱ्या चांगल्या प्लांटमधला गाळ आणून टाकला, भरपाईच्या लाईनला दुसरा मीटर बसवला. तीन आठवड्यांनी ऑपरेटरने मला परत खाली बोलावलं आणि जार टेबलावर ठेवला, या वेळी गाळ अर्धा तास व्हायच्या आधीच खाली बसला होता आणि वरच्या पाण्यातून जारमागची भिंत दिसत होती. आता दर सोमवारी दोन्ही मीटरचे आकडे लॉबीत त्या पाटीच्या शेजारी लिहिले जातात. ज्यांनी ती पाटी दिली त्यांनी हे आकडे आमच्याकडे आजवर एकदाही मागितलेले नाहीत.